आईच्या डब्यातली सुकी मुशी

आमच्या वस्तीत सुकी मुशी तव्यावर पडली की तिचा वास पार शाळेपर्यंत जायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या आणि मी मुद्दाम त्यांच्याच बाकावर जाऊन बसायचे. आई म्हणायची, "कशाला नडतीस गं?" पण मला नडायचंच होतं.

आमच्या कवठे येमाईला समुद्र येतो तो मीठ लावून, वाळवून, पोत्यात भरून. आठवडे बाजारात एक मावशी गोणपाटावर बोंबील, जवळा, मुशीचे तुकडे मांडून बसते. खरा समुद्र मी पाहिला तो थेट एम.एस्सी.च्या सहलीत, तोवर निम्मी मासळी माझ्या ओळखीची झालेली होती.

पुढे पुण्यात पीएच.डी.ला लागले. आपल्या किनाऱ्यावरच्या मुशी म्हणजे शार्क, आणि पाकट म्हणजे त्यांचे चपटे भाऊबंद, यांच्या जाती डीएनएवरून ओळखायच्या, त्यातल्या कोणत्या संपत चालल्यात ते शोधायचं, हा विषय. या माशांची डोकी आणि पर बंदरावरच कापतात. उरलेला तुकडा कुठल्या जातीचा हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड, डीएनएवरून मात्र कळतं. मी म्हटलं, बाजारातल्या सुक्या मासळीचेही नमुने घेऊ. माझे मार्गदर्शक सर हसले. "शिरूर तालुक्यात सागरी जैवविविधता शोधणार तू?"

"बंदरावर कापलेला मासा शेवटी जातो कुठं, सर? आमच्याच ताटात."

मिठानं आणि उन्हानं डीएनएचे बारीक तुकडे होतात, हे त्यांचं म्हणणं मात्र बरोबर होतं. लांब पट्टा वाचायला जावं तर हाती काहीच लागायचं नाही. मग मी त्याच पट्ट्याचा एक आखूड भाग निवडला, जाती ओळखण्यापुरता. पहिला नमुना घरून आणला, आईच्या डब्यातला. डबा उघडताच शेजारच्या टेबलावरचा मुलगा खिडकी उघडायला उठला. "दोन्ही उघड," मी म्हटलं, आणि डबा तसाच ठेवला.

मुशी म्हणून आम्ही खात होतो ती मुशी नव्हतीच. पाकटांच्या गोतातला, चपट्या डोक्याचा एक मासा निघाला, ज्याला मारायलाच कायद्यानं बंदी आहे. विश्वास बसेना म्हणून सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच उत्तर आलं. मला भयंकर आनंद झाला आणि लगेच आठवलं, तो तुकडा मावशीकडून घेतलेला होता.

बाजाराच्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. तिचा तराजू हातातच राहिला.

"म्हंजी मला धरून न्हेतील व्हय? पोतं तर दौंडचा यापारी बांधून देतो. त्यात काय आसतंय, मला काय ठावं?"

"मावशी, तुमचं नाव माझ्या तोंडून कुणाला कळायचं न्हाई."

"आन् तुझं कोण ऐकतंय तिथं?"

ते मला झोंबलं, कारण खोटं नव्हतं.

पुढं पुण्यात माझं सादरीकरण झालं. बाहेरून वनखात्याचे एक मोठे अधिकारी आले होते. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच दमात म्हणाले, "विकणाऱ्याचं नाव, गाव द्या. लगेच कारवाई करू." सर मला मानेनं खुणावत होते, देऊन टाक.

माझं डोकं सटकलं. ट्रॉलर दिसत नाहीत यांना, बंदरावरचा लिलाव दिसत नाही. गोणपाटावर बसलेली एक बाई मात्र बरोबर दिसते. ती पळून जाणार नाही, वकील करणार नाही, आणि तिला उठवल्यानं समुद्रातला एकही मासा वाचणार नाही.

"नमुना माझ्या घरातला आहे," मी म्हटलं. "विकत आम्ही घेतला, वर्षानुवर्षं खाल्लाही आम्हीच. कारवाई करायची तर माझ्यापासून सुरुवात करा. माझं नाव लिहून घ्या, पत्ता सांगते."

"अगं, तुझी पीएच.डी. अजून व्हायचीय," सर हळूच म्हणाले.

मला ते ठाऊक होतं. मी पडद्यावर पुढचं चित्र लावलं, कोकणातल्या बंदरांचा नकाशा.

"यातल्या कोणत्या बंदरावर आधी जायचं, ते आता तुम्ही सांगा."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सरांनी बसायची खूण केली. मी बसले नाही.