आली अमरावती

आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, खोटं बोलत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही. घरादाराला त्याचा फार जाच होता. त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, राजूदादाला, पहिलं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी सहज विचारलं, पोराला काही व्यसन? मोठेबाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "खर्रा खाते. सोडतो म्हणते. आठ वर्षं झाले म्हणून राहिला." सोयरीक तिथंच मोडली. मोठी आई, म्हणजे राजूदादाची आई, आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि मोठेबाबा दारात येणाऱ्या प्रत्येकाला तेही सांगत, "आमच्या इथं सध्या अबोला आहे."

चांदूर रेल्वेला ते गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. निवृत्त झाल्यावर दर रविवारी विहारात वंदना तेच देत. एक ओळ ते म्हणत, मग मागून सगळे. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते देताना त्यांचा आवाज जरा चढे, आणि राजूदादाच्या मते नजर नेमकी त्याच्यावर असे. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचं म्हणून होईपर्यंत ते पुढची ओळ घेत नसत. "गाडी पुरी फलाटाले लागू द्या," म्हणत.

कोरोनात विहाराला कुलूप लागलं. बाकीचे घरोघरी एकेकटे वंदना करू लागले. मोठेबाबांना ते पटेना. "मीच म्हणन अन् मीच आयकन, याले काय वंदना म्हणतात?" मग रोज संध्याकाळी सातला फोन. राजूदादा पुण्यात, मी अकोल्यात, ते आणि मोठी आई चांदूरला. आमचे आवाज मागेपुढे पोचत. प्रत्येकाचा पोचला की ते तशी वर्दी देत, "आलं पुणं. आला अकोला. चाला पुढं." मला खरं तर कंटाळा येई. कढईत भाजी असे. गॅस बारीक करून मी शीलं म्हणत असे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मोठी आई आजारी पडली. अमरावतीला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि आत कोणालाच सोडत नव्हते. वॉर्डातली एक भली सिस्टर सात वाजता फोन तिच्या उशीशी धरी. पहिले दोन दिवस सगळ्यांच्या मागून तिचा धापा टाकत आवाज आला. "आली अमरावती," मोठेबाबा म्हणत, "चाला पुढं." तिसऱ्या दिवशी नुसती ऑक्सिजनची फुसफुस. मोठेबाबा थांबले. खूप वेळ थांबले. मग म्हणाले, "आली अमरावती. चाला पुढं."

वंदना संपल्याबरोबर राजूदादाचा मला फोन. "तुले आयकू आला का आईचा आवाज?"

"नाही."

"मलेबी नाही." मग तो म्हणाला, "पण बाबा म्हणाले ना, आली म्हणून. बाबा काहून खोटं बोलतीन?"

तेवढ्यावर आम्ही दोघं जेवलो. पुढचे पंधरा दिवस आम्ही तेवढ्यावरच जेवत होतो.

मोठी आई घरी आली ती अर्धी होऊन. पुढं येणंजाणं सुरू झाल्यावर आम्ही दोघं चांदूरला गेलो. अंगणात बाजेवर बसून ती सांगत होती, "तोंडाले मास्क. एक अक्षर निघे नाही माह्या तोंडून. पण हे म्हणत, आली. मंग मले वाटे, आपण हाओत अजून याइच्यात."

राजूदादा गर्रकन वळला. "बाबा, म्हंजे तुमी खोटं बोलले?"

"बोललो," मोठेबाबा म्हणाले. "पंधराही दिवस बोललो. पुन्हा वेळ आली तं पुन्हा बोलन. हे मात्र खरं सांगून राहिलो."

आम्ही हसलो. हसता हसता मला रडू आलं. मोठेबाबा मात्र हसले नाहीत.

विहार उघडल्यावर ते पुढं बसायला तयार होईनात. "चौथं शील आता कोण्या तोंडानं देऊ?" लोकांनी नाना परीनं समजावलं, ऐकतील तर मोठेबाबा कसले! शेवटी मोठ्या आईला पुढं बसवलं. मोठेबाबा दाराजवळ, शेवटच्या रांगेत. सगळ्यांचं म्हणून झालं की त्यांचा आवाज यायचा, सावकाश. ती थांबायची.

गेल्या हिवाळ्यात मोठेबाबा गेले. पुण्यानुमोदनाला विहार भरला होता, पण दाराजवळच्या त्यांच्या जागेवर कोणी बसलं नाही. मोठ्या आईनं एकेक शील दिलं. चौथं दिलं आणि ती थांबली. सगळ्यांचं म्हणून झालं तरी थांबली, दाराकडं बघत. राजूदादा उठायला लागला, मी त्याचा हात धरला.

"आला त्याइचा आवाज," ती म्हणाली. "चाला पुढं."

कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आम्ही पाचवं शील म्हणू लागलो.