दसऱ्याच्या पूजेचा ट्रक

दसऱ्याची ती दुपार, नोकरी संपून इतकी वर्षे झाली तरी, माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मेलबर्नच्या पोलीस दलात गंभीर अपघातांचा तपास करणाऱ्या पथकात मी सार्जंट होतो. भारतातून शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा त्या काळात नुसता लोंढा सुरू झाला होता. क्लेटनच्या विद्यापीठाभोवती एकेका घरात पाच-सहा जण राहत. पथकात मराठी कळणारा मी एकटाच, त्यामुळे आपल्याकडचे आडनाव दिसले की फाईल बिनबोभाट माझ्या टेबलावर येऊन पडे. मराठी माणसाची चौकशी मराठी माणसाने करणे हे किती अवघड जागेचे दुखणे आहे, ते आमच्या गोऱ्या साहेबांना कळण्यासारखे नव्हते.

घटना अशी. क्लेटनच्या एका शांत गल्लीत घरासमोर उभा असलेला मोठा ट्रक अचानक पुढे उसळला, फूटपाथवर चढला आणि शेजाऱ्याच्या विटांच्या भिंतीवर आदळला. मागे ट्रेलर नव्हता. अशा मोकळ्या ट्रकला इकडे प्राइम मूव्हर म्हणतात. ट्रक आणि भिंत यांच्यामध्ये एक मुलगी सापडली. मूळची अमरावतीची, विद्यापीठात शिकणारी, ट्रकमालकाच्याच घरात एक खोली भाड्याने घेऊन राहणारी. अॅम्ब्युलन्स पोहोचण्याआधीच ती गेली होती.

ट्रकमालक पुण्याचा. तोही विद्यार्थी म्हणूनच आलेला. कुकरीचा कोर्स केला, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवला, मग टॅक्सी चालवली, मग दुसऱ्यांचे ट्रक, आणि आता हा स्वतःचा पहिला ट्रक. ट्रक त्याचा, माल एका वाहतूक कंपनीचा, अशी व्यवस्था होती. दसऱ्याला त्याने सकाळची फेरी संपवली, ट्रेलर डेपोत सोडला आणि ट्रक पूजेसाठी घरी आणला. पूजेला त्याची बायको, ती मुलगी आणि ओळखीचे तीन-चार विद्यार्थी होते. हार घातला, नारळ फोडला, पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवली. आपल्याकडे नव्या गाडीचे जे जे करतात, ते सगळे झाले.

स्थानिक पोलीस ठाण्यातल्या सहकाऱ्यांनी त्याच दिवशी जबाब घेतले होते. सगळ्यांचे म्हणणे एकच. मालक स्टिअरिंगवर होता, तो ट्रक हळूहळू लिंबांवरून नेत होता, मुलगी फोटो काढायला अचानक पुढे आली, तिला चुकवायला त्याने ट्रक वळवला आणि तो भिंतीवर गेला. "अचानक पुढे आली" हे शब्द प्रत्येक जबाबात होते. एकच अपघात पाहिलेली पाच माणसे तो पाच तऱ्हांनी सांगतात. एकाला गाडीचा रंग चुकीचा आठवतो, दुसरा आवाजाबद्दलच बोलत राहतो. पाचही जण एकसारखे बोलू लागले, की त्यांची शिकवणी कोणी घेतली हे शोधावे लागते.

तरीही मी ती फाईल कदाचित बंद केली असती. कागदावर सगळे जुळत होते. पण एका सकाळी ठाण्यावर फोन आला. विद्यापीठाच्या आवारातल्या सार्वजनिक फोनवरून एक मुलगा माझ्या नावाची चौकशी करत होता. मी मराठी आहे याची त्याने आधी खात्री करून घेतली.

"सर, ती अचानक पुढे आली नव्हती," तो म्हणाला. "आम्हाला तसं सांगायला सांगितलंय. माझं नाव नका विचारू, माझा व्हिसाचा प्रॉब्लेम होईल."

त्याने फोन ठेवला. त्याच्या व्हिसाला काहीही झाले नसते, पण परक्या देशात नव्याने आलेल्या मुलाला ते कोण पटवणार?

मी फाईलमधले घटनास्थळाचे फोटो पुन्हा समोर घेऊन बसलो. आमचे घर बौद्ध. नारळ-लिंबांशी आमचा संबंध नाही, आणि खरे सांगायचे तर यंत्राला कुंकू लावणाऱ्यांबद्दल मला फारशी आस्थाही नाही. पण मी वाढलो पिंपरीच्या कामगार वसाहतीत. तिथे कोणाची लूना आली तरी गल्लीभर पेढे वाटले जात. ही पूजा मी शेकडो वेळा पाहिली होती आणि त्यात कोण कुठे उभे राहते ते मला ठाऊक होते.

एका फोटोत ट्रकच्या बंपरखाली औक्षणाचे ताट होते. स्टीलचे, चेपलेले, निरांजन थोडे दूर उडालेले. मुलीच्या दोन्ही तळहातांना कुंकू आणि तूप लागल्याची नोंद डॉक्टरांनी केली होती. तिच्याजवळ कॅमेरा सापडला नव्हता. तिचा मोबाईल तिच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. म्हणजे ती फोटो काढायला पुढे आलेली नव्हती. ताट धरून ती गाडीसमोर उभी होती, कारण औक्षण समोर उभे राहूनच करतात.

पण मग ते ताट तिच्या हातात कसे? घरात घरची लक्ष्मी हजर असताना पहिल्या ट्रकचे औक्षण भाडेकरू मुलगी का करेल? पुण्यातल्या कुठल्याही घरात हे ताट मालकाच्या बायकोच्याच हातात असते. ते दुसरीकडे गेले, याचा अर्थ बायको त्या वेळी दुसऱ्या कुठल्यातरी मानाच्या जागी होती. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला फार वाईट वाटले, कारण ती जागा कुठली हे माझ्या लक्षात आले होते.

खोटे बोलण्याचे कारण कळायला वाहतूक कंपनीच्या मॅनेजरशी बोलावे लागले. ट्रक कंपनीच्या फेरीवर असेल तेव्हा कंपनीचा विमा चालतो, असे तो म्हणाला. ट्रेलर सोडून मालक स्वतःच्या कामासाठी ट्रक काढतो, तेव्हा त्याला स्वतःचा वेगळा विमा लागतो. त्याला ऑफ-डिस्पॅच विमा म्हणतात. या मालकाने तो इमानदारीने घेतलेला होता. इकडे माणसाला झालेल्या इजेची भरपाई सरकारी योजनेतून मिळते, चालक कोणीही असो. पण पडलेली भिंत, मोडलेले घर, हे असल्या विम्यातून. आणि जड वाहनाचा परवाना नसलेला माणूस स्टिअरिंगवर असेल, तर विमा कंपनी हात वर करते.

मालकाला चौकशीसाठी बोलावले. टेपवरचा जबाब इंग्रजीत किंवा अधिकृत दुभाष्यामार्फतच घ्यावा लागतो. समोरच्याची भाषा मला येत असली तरी मी तिथे मराठी बोलू शकत नव्हतो. त्याने इंग्रजी चालेल म्हणून सांगितले. गप्प बसण्याचा अधिकार समजावून मी त्याला ट्रेलर, डेपो, गिअर, ब्रेक असे विचारत राहिलो. तो धंद्यातला माणूस, एकाही प्रश्नाला अडला नाही. मग मी विचारले, ताट तिच्या हातात का होते? माझा सहकारी माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर आल्यावर त्याने विचारलेही, "मेट, डिशचं काय मध्येच?" पण मालकाचा चेहरा उतरला होता. त्याने पाणी मागितले आणि पुढे प्रत्येक प्रश्नाला "नो कॉमेंट" एवढेच म्हणत राहिला.

याच सुमारास इथल्या मराठी मंडळातले एक वजनदार गृहस्थ मला येऊन भेटले. पूर्वी दुसऱ्या शहरात, टूनगॅबी या उपनगरात, ते माझ्या भावाचे शेजारी होते, तेवढ्या ओळखीवर आले. मुलगी तर गेलीच, आता उभा संसार कशाला मोडता, कोणाचा काही वाईट हेतू होता का, असे त्यांचे म्हणणे. अपघातात हेतू नव्हता हे मला मान्य होते, आणि ते मी त्यांना सांगितले. पण गेलेल्या पोरीवर दोष ढकलण्यात हेतू होता, हेही सांगितले. चहा न घेताच ते गेले.

मुलीचे वडील अमरावतीहून आले होते. शाळेत शिक्षक, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेले. इथे कोणी ओळखीचे नाही, म्हणून ते उतरले होते त्याच घरी, मुलीच्या खोलीत. पोस्टमॉर्टेमचे कागद समजून घ्यायला ते माझ्याकडे आले, तेव्हा टेबलाच्या कडेला हात ठेवून बसून राहिले.

"साहेब, मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "ती खरंच गाडीपुढे धावली का? तिची आई मानायला तयार नाही. मी तिला ओरडलो, म्हटलं, पाहणारे लोक सांगतात ना. तेव्हापासून ती माझ्याशी फोनवर बोलत नाही."

तपास चालू असताना मला काही सांगता येत नव्हते. घरातल्या वहिनी कशा आहेत, म्हणून विचारले. ती बिचारी वेळेवर जेवायला वाढते, पण एक शब्द बोलत नाही आणि माझ्याकडे बघत नाही, असे ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी त्या घरी गेलो. वडील मागच्या अंगणात बसले होते, मालक काही कामासाठी बाहेर. बायको स्वयंपाकघरात उभी होती. तिने काहीही बोलायलाच हवे असे नाही आणि जे बोलेल ते पुन्हा दुभाष्यासमोर टेपवर घ्यावे लागेल, हे मी तिला मराठीत सांगितले. मग मी एवढेच विचारले, औक्षणाचे ताट कोणाचे होते?

ती खिडकीतून अंगणाकडे पाहत होती.

"माझंच," ती म्हणाली. "लग्नातलं. हे म्हणाले, पहिली गाडी आहे, लक्ष्मीच्या हातानं पुढे जाऊ दे. फक्त लिंबावरून तर न्यायची होती. मी वर चढून बसले आणि ताट तिच्या हातात दिलं. तिला म्हटलं, इथेच उभी राहा, मधोमध. ती उभी राहिली."

तिला कार चालवता येत होती. ट्रक ऑटोमॅटिक गिअरचा होता, त्यामुळे दोघांनाही त्यात काही कठीण वाटले नाही. लिंबे फुटली, ट्रक हिसका देऊन पुढे सरकला, ती दचकली आणि ब्रेक समजून तिने अॅक्सिलरेटर दाबला. नवऱ्याने पायरीवर चढून खिडकीतून स्टिअरिंग डावीकडे ओढले. लोक जमायच्या आत तो तिला खाली उतरवून स्वतः वर बसला होता. विद्यार्थ्यांना काय सांगायचे ते त्याने तिथेच, तिच्या देखत, पढवले. हे सगळे तिने दुभाष्यासमोर पुन्हा सांगितले, एकही शब्द न फिरवता.

विमा कंपनीने हात झटकले. भिंतीची भरपाई द्यायला ट्रक विकावा लागला, कंपनीचे काम गेले. कोर्टाने तिला तुरुंगात पाठवले नाही. नवऱ्याला मात्र साक्षीदारांना पढवल्याबद्दल काही महिने आत जावे लागले. ती दुष्ट माणसे नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. बायकोचा मान करायला गेलेला माणूस तिला वाचवायला खोटे बोलला. पण खोट्याला कोणाच्या तरी डोक्यावर बसावे लागते, आणि ते नेहमी उत्तर द्यायला हजर नसलेल्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते.

तिचा जबाब टेपवर झाला त्याच दिवशी वडिलांना मी ठाण्यावर बोलावून खरे काय ते सांगितले. ते रागावतील, म्हणून मी तयारीत होतो. ते रागावले नाहीत. माझ्याच टेबलावरून त्यांनी अमरावतीला फोन लावायला सांगितला.

"ती धावली नव्हती गं," बायकोने उचलताच ते म्हणाले. "उभं राहा म्हटलं तिथेच उभी होती. तू म्हणत होतीस तेच खरं."

मी खोलीबाहेर गेलो आणि दार लावून घेतले. त्यानंतर नोकरीत जितके अपघात पाहिले, त्यातल्या प्रत्येकात "तो अचानक पुढे आला" हे वाक्य कोणी ना कोणी बोललेच. मग मी लिहिणे थांबवायचो आणि आधी हे विचारायचो, की तो कुठे उभा होता आणि त्याला तिथे उभे राहायला कोणी सांगितले होते.