टॉवेलाखालचे दर

व्यापाऱ्यांचे गुपचूप ठरलेले दर मी सगळ्यांच्याच बिलांवर छापून वाटले. हा मूर्खपणा दुसऱ्या कुणाच्या माथी मारता आला असता तर आनंदाने मारला असता, पण कॉम्प्युटरला मी दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नव्हते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी बिलं करायचे. साताऱ्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून सासरी आलेली, त्यामुळे नाकावर माशी बसत नव्हती. व्यापाऱ्यांनासुद्धा कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावायचे आणि त्यांच्या भेगाळल्या टाचांकडे बघून नाक मुरडायचे.

भाडं पेटीवर. ठरलेल्या आकड्यापर्यंत एक दर, माल त्यापुढे गेला की वरच्या पेट्यांना कमी. हा आकडा आणि दर मालक प्रत्येकाशी वेगळा ठरवत, सौद्यात ठरवतात तसा, तिसऱ्याला कळू नये म्हणून टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून. मग मला हळूच सांगत. मी ते नावानिशी भरले. बिलाखाली दरांचा तक्ता छापायचा का, असं प्रोग्रामने विचारलं. मी ‘हो’ दाबलं. तक्ता एकाचा की सगळ्यांचा, हे विचारायची अक्कल ना त्याला होती ना मला.

बिलं गेली आणि दुसऱ्याच दिवशी कोरेगावचा सगळ्यात मोठा व्यापारी चपलांसकट आत आला. मागे मालक.

“आवं मालक, माल माझा जास्त, आन् दर माझ्या साडूला कमी? इतकी वर्सं टॉवेलाखाली हीच बोटं धरली व्हय?”

“तुमाला पण कमी करू की.”

“ऱ्हाऊ द्या. दुपारी ट्रक लावतो, समदा माल उचलतो.”

त्याचा माल गेला असता तर निम्मं कोल्ड स्टोरेज रिकामं झालं असतं. तरी माझी जीभ वळवळलीच. “काका, हिशोबात एका पैशाची चूक नाही. पडताळून बघा.”

“चूक न्हाई म्हणूनच तर पेटलोय, बाई. चूक असती तर सोडून दिलं असतं.”

मालकांनी त्याला पहिल्या पेटीपासून साडूचा दर दिला, तेव्हा कुठे ट्रक यायचे राहिले. मग बाकीचेही तोच दर मागायला आले. एकानेही चपला काढल्या नाहीत. मी मान खाली घालून प्रत्येकाच्या नावापुढे तोच आकडा भरत गेले.

सगळे गेल्यावर मी पर्स उचलली. नोकरी गेली, हे धरूनच चालले होते. मालक दारातच उभे होते.

“उद्या येताना घरून टॉवेल आणा, बाई. दर भरायचे असले की तो त्या मशिनवर टाकायचा आणि खाली बोटं चालवायची.”