ऐकून निवडलेला ब्राउझर

माझी मैत्रीण सुलभा दृष्टिहीन आहे. तिचा लॅपटॉप पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवतो. काल तिनं तीन ब्राउझरमध्ये एकच बातमी ऐकली. पहिल्यात आवाज सारखा जाहिरातींकडे वळत होता, दुसऱ्यात पानावरच्या बटणांची नावं न सांगता नुसतंच "बटण, बटण" म्हणत होता. तिसऱ्यात बातमी सरळ ऐकू आली.

"अगं, सगळे पहिलाच वापरतात," मी म्हटलं.

"वापरू देत की! वाचायचंय मला," असं म्हणून तिनं पहिले दोन काढूनच टाकले.

मला तर चांगलं दिसतं. तरी समोर आलं तेच मी आजवर मुकाट्यानं वापरलं. आज सकाळी माझ्या लॅपटॉपनं विचारलं, "हाच ब्राउझर कायम ठेवायचा?" मी पहिल्यांदाच 'नाही' दाबलं.