साडू उठत नाहीत

अख्ख्या सुरतेत माझ्या साडूंइतका बसलेला माणूस दुसरा नसेल. देवळात आरती सुरू झाली की सगळे उभे राहतात, साडू मात्र मांडी आणखी पक्की करून टाळ्या वाजवतात. सोसायटीच्या झेंडावंदनाला ते जातच नाहीत, कारण तिथं बसता येत नाही. एकदा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये त्यांचे शेठ स्वतः घडीखात्यात आले. कापडाच्या घड्या घालणारे सगळे कामगार ताडकन उठले. साडूंनी बसल्या जागेवरून हात जोडले आणि शेजारचं स्टूल शेठपुढे सरकवलं. शेठही गोंधळून बसले म्हणे. आमच्या खानदेशी लोकांत वडीलधारा दारात आला की माणूस आधी उठतो, मग ओळखतो. त्यामुळे सगळ्या नात्यागोत्यात साडूंचं नाव माजोरी म्हणून पक्कं झालं. माझी बायको त्यांची सख्खी मेहुणी, तीही म्हणायची, "दाजींना उठवायचं तर क्रेनच बोलवावी लागेल."

ते कधी उठलेच तर तो एक सोहळाच असतो. आधी पलंगावर पाय खाली सोडून बसायचं, पोटऱ्या आवळायच्या आणि सोडायच्या. मग पेलाभर ताक, ज्यात मीठ इतकं की आपल्याला एक घोट उतरू नये. मग कपाटाचा आधार घेऊन उभं राहायचं, तेही पायावर पाय टाकून, अगदी मुरलीधरासारखं, फक्त हातात मुरली नाही. सुरतेच्या उन्हाळ्यात लोक बनियनवर फिरतात, हे पँटखाली गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे घालतात. विचारलं तर आपल्या अहिराणीत म्हणायचे, "शौक से," म्हणजे आवड आहे. अशा शौकावर माणूस काय बोलणार?

खरं काय ते मला कळलं ते त्यांच्या थोरलीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा. स्थळ बारडोलीचं, चांगलं होतं. साडू आमच्याकडे आले होते, तेवढ्यात मध्यस्थाचा फोन वाजला आणि तो घ्यायला ते घाईनं उठले. उठले आणि पांढरेफटक पडून तिथंच कोसळले. आडवे झाल्यावर लगेच डोळे उघडून त्यांनी पहिलं विचारलं, फोन कोणी उचलला? मी त्यांना रिक्षात घालून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं समजलं की हे दुखणं किती वर्षांचं आहे. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं, मग शरीरानं शिरा आवळून ते वर ठेवायचं असतं. साडूंचं शरीर त्यात कमी पडतं, छाती घोड्यासारखी धावते आणि डोळ्यांपुढे अंधार येतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात, त्याही डॉक्टरांनी तपासून घेतल्या होत्या. "त्या पण बसेलच," म्हणजे माझ्यासारख्याच बसलेल्या, असं साडू मला हळूच म्हणाले. ग्रंथी धड होत्या, पण सततच्या काळजीत त्या आपला रस सोडत राहतात, त्यानं छातीची धडधड वाढते आणि मूळ त्रासही वाढत असावा, असं डॉक्टरांचं मत. "टेन्शन ओछुं करो, काका," काळजी कमी करा, असं ते म्हणाले. "दो लडकी है, साहेब," साडू म्हणाले.

परत येताना मी विचारलं, एवढं सगळं लोकांपासून लपवलं कशाला? ते म्हणाले, "माजोरी म्हनोत, पन मिरगीवाला नको म्हनोत." आमच्यात चक्कर येऊन पडणाऱ्याला मिरगी, म्हणजे फेफरं, येते म्हणतात, आणि एकदा बापाची मिरगी ठरली की पोरींच्या दारात स्थळ फिरकत नाही. म्हणून या गरीब माणसानं इतकी वर्षं गर्विष्ठपणा पांघरला होता. हे सोंग उघडं पडेल या धास्तीनं दुखणं वाढायचं, आणि दुखणं वाढलं की आणखी ताठ बसावं लागायचं. हे सगळं फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. पोरींनाही त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण पोरी मैत्रिणींत बोलतात. मला फार वाईट वाटलं. पुढे बारडोलीची मंडळी आली, तेव्हा साडूंनी व्याह्यांचं स्वागत सोफ्यावरूनच केलं. व्याही आधी फुरंगटले, पण एवढा ताठा आहे म्हणजे घराणं मोठं असणार, असं त्यांनीच ठरवलं आणि लग्न जमलं.

व्याहीभेट मात्र बसून होत नाही. हॉलच्या दारात दोन्ही बाप उभे राहून गळाभेट घेतात, त्यातून सुटका नाही. साडू सकाळपासून खारट ताक पीत होते. मी त्यांच्या मागे उभा राहून पाठीला हात लावला होता. सदऱ्याखाली त्यांचं काळीज कसं उडत होतं ते मला हाताला कळत होतं. ते उठले, दारापर्यंत चालत गेले आणि व्याह्यांना जी मिठी मारली ती सोडीचनात. लोकांना वाटलं, माणसाला भरून आलं. व्याह्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, तेही घट्ट धरून राहिले आणि त्या धरण्यावरच साडू उभे होते. मग मी त्यांना खुर्चीत आणून बसवलं. तोवर त्यांच्यातलं सगळं बळ संपलं होतं.

संध्याकाळी पाठवणी झाली. पोर खुर्चीपाशी येऊन पाया पडली, गळ्यात पडून रडली आणि उठून दाराकडे निघाली. आमच्याकडे बाप गाडीपर्यंत जातो, स्वतः दार लावून देतो. साडूंनी खुर्चीचे हात धरून जोर केला, अर्धे उठले आणि परत बसले. गाडीचं दार मी लावलं. माझी बायको पाठराखीण म्हणून सोबत गेली होती. पोर वाटभर एवढंच बोलली, "पप्पांना आजच्या दिवस पण उठावंसं नाही वाटलं."

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. थोरली फोन करते तो आईलाच. माहेरी आली की बापाला वाकून नमस्कार करते आणि आत निघून जाते. परवा न राहवून मी साडूंना म्हटलं, आता तरी पोरीला सांगून टाका, नाही तर मी सांगतो. ते बराच वेळ पोटऱ्या आवळत आणि सोडत बसले. मग विचारलं, "गाडीपाशी तिनी मांगे वळीसन देखं का?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"तिले सांगू नका, भाऊ," ते म्हणाले. "धाकली आजून बाकी से."

धाकटी यंदा बारावीला आहे. म्हणजे अजून कित्येक वर्षं त्यांना असंच बसून राहायचं आहे.