लावणीला येणारा

"त्यो लावणीला येल का?"

पुस्तकातल्या कुठल्याही पात्राची ओळख करून दिली, की आमच्या दूधवाल्या मावशींचा पहिला प्रश्न हाच. मग तो राजा असो, राक्षस असो, नाहीतर परग्रहावरून आलेला तीन डोळ्यांचा पाहुणा असो. पदराने कपाळ टिपायचं, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर दाबायचा आणि विचारायचं.

मी अनुवादाचं काम करते. जादूच्या आणि अंतराळातल्या गोष्टींची जाडजूड पुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणते. कडाव नावाच्या या खेड्यात राहायला आले ती शांततेसाठी, आणि शांतता मिळाली ती सकाळी साडेसातपर्यंतच. साडेसातला मावशी दुधाची किटली घेऊन यायच्या. त्या वेळी मी आदल्या दिवशीची पानं मोठ्याने वाचून बघत असायचे, कारण वाक्य कुठे अडखळतं ते डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. एकदा दूध ओतून झालं तरी मावशी उंबऱ्याशी बसूनच राहिल्या. "वाच की गं बाय, थांबलीस कशाला?" तेव्हापासून माझं प्रत्येक पुस्तक सगळ्यात आधी त्यांनी ऐकलं.

आपण वाचणारी माणसं आवडतं पात्र कसं निवडतो, तुम्हीच आठवून बघा. कोण देखणा, कोण शूर, कोणाच्या तोंडी चटकदार वाक्यं. मावशींना यातलं काहीच लागत नसे. त्यांच्याकडे भाताची लावणी सावडीने व्हायची, म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. बोलावल्यावर येतो तो आपला माणूस, एवढा साधा हिशेब.

सोनेरी केसांचा राजपुत्र पहिल्याच सकाळी नापास झाला. "त्यो चिखलात उतरंल? त्याची पायताणं बघ आधी." म्हाताऱ्या जादूगाराचं तर त्यांनी धड ऐकूनही घेतलं नाही. "त्यो बांधावर उभा राहून मंतर म्हनंल आन् जेवायला पयला बसंल."

मला राग आला. इतके दिवस त्या म्हाताऱ्यापायी मी डोकं फोडून घेतलं होतं! "अहो मावशी, तो एका मंत्रात अख्खं शेत लावून देईल."

"मंग आमी बायांनी गानी कुटं म्हनायची?"

आग ओकणारा ड्रॅगन मात्र त्यांनी अर्धा पास केला. "लावणीला नको गं. पर राब भाजायला बरा हाय." पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, तो राब. चारशे पानं ज्याच्या नावाने राज्यं चळाचळा कापत होती, त्याला मावशींनी पाचोळा पेटवायच्या कामाला लावलं.

मग ते यंत्र आलं. त्या पुस्तकात काही माणसं अंतराळयानातून नव्या ग्रहाकडे निघालेली असतात, आणि यानाच्या तळाशी एक जुनाट यंत्र त्यांची रोपं सांभाळत असतं. पाणी घालतं, उजेड देतं, पिवळी पानं खुडतं. वाकताना त्याचे गुडघे कुरकुरतात. मूळ पुस्तकात त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा होता.

मावशी सरळ होऊन बसल्या. "ह्यो येल."

"कशावरून?"

"गुडघं दुखतात तरी वाकतो नं. ह्यो माजा. रोपवाला."

ते नाव मी अनुवादात तसंच ठेवलं. त्यानंतर रोज चौकशी सुरू झाली. रोपवाला बरा हाय का? त्याच्या गुडघ्यांना कुनी तेल घातलं का? "यंत्र आहे हो ते," मी म्हणायचे. "आसंल," त्या म्हणायच्या, आणि पुन्हा तेच विचारायच्या.

मला शेवट ठाऊक होता. यानातली वीज संपत येते. रोपांना उजेड पुरावा म्हणून ते यंत्र स्वतःला बंद करून घेतं, कायमचं. ते प्रकरण आलं त्या सकाळी मावशी गुडघ्याला हळदीचा लेप लावून, काठी टेकत आल्या होत्या. माझी जीभच रेटेना. शेवटच्या पानावर मी वाचायचं थांबवलं आणि मनाने ठोकून दिलं: दुसरं यान वेळेवर आलं, रोपवाला वाचला, आता नव्या ग्रहावर बांधावर पाय पसरून बसलाय.

"बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि किटली उचलून गेल्या.

पुस्तक छापून आलं तेव्हा एक प्रत त्यांना द्यावीच लागली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सुनेला येत होतं. मावशींनी ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. एवढी मी शहाणी!

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. दवाखान्यातून घरी आणलं, आणि आता हाती काही नाही, असं सुनेने मला अंगणातच सांगितलं. मी आत जाऊन खाटेशी बसले. मावशी पार वाळून गेल्या होत्या.

"मी उठंन का गं लावणीपतुर?"

"उठाल की! जूनमध्ये चालायला लागाल."

"मंग खिडकीकडं कशाला बगतेस?"

मी चटकन नजर वळवली.

"रोपवाला वाचला म्हनालीस, तवा बी खिडकीकडंच बगत होतीस. कागदाकडं नवतीस."

"मावशी! मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू त्याला माज्यासाठी जिता ठेवलास. मंग मी कशाला मारू?"

मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळून घेतेय अशा थाटात वावरले, आणि सांभाळत होत्या त्या मला. त्यांनी माझा हात दाबला. "आता खरं काय झालं त्ये सांग."

मी सांगितलं. वीज, उजेड, ते बंद होणं, सगळं. या वेळी त्यांच्याकडे बघून सांगितलं.

"रोपं जगली का?"

"जगली. सगळी जगली. नव्या जमिनीत लावली त्यांनी."

"मंग झालं तर," मावशी म्हणाल्या.

पाऊस लागायच्या आत त्या गेल्या.

जुलैत सून दूध घालायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, शेजारच्या शेतावर सासूबायचा एक दिवस द्यायचा राहिलाय. गेल्या साली ते लोक आपल्याकडे राबून गेले होते. आता तिच्या स्वतःच्या वाट्याचा दिवस ती देणार, पण सासूबायचा कोण देणार?

मी गेले. साडी खोचून चिखलात उतरले तेव्हा बायका खो खो हसल्या, आणि हसण्यासारखंच होतं. माझी रोपं वाकडीतिकडी लागत होती, ओळ कुठेच्या कुठे चालली होती. बांधावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "ह्या कोन गं नव्या?"

"आमच्या सासूबायच्या जागी आल्यात," सून म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझे गुडघे ठणकायला लागले होते. मी रोपांची पुढची मूठ घेतली आणि वाकले.