पोरगी पाहायला मैत्रीण नेली

मैत्रीतून प्रेमात पडणाऱ्या जोड्यांच्या कादंबऱ्या मी ढिगानं वाचल्या आहेत आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. अनोळखी माणसाचे डोळे पाहून ज्यांचं काळीज धडधडतं, त्यांच्या गोष्टी मला फालतू वाटतात. डोळे काय, सगळ्यांनाच असतात. भूक लागली की आपण कसे वसवस करतो हे पाहूनही जो दुसऱ्या दिवशी परत येतो, त्याच्यावर जीव जडण्यात खरी मजा. शिवाय आपल्याला सुरुवातीलाच सगळं कळलेलं असतं आणि त्या दोघांना शेवटपर्यंत पत्ता नसतो. मी तर हिरॉइनला मोठ्यानं शिव्या घालते.

ही पुस्तकं मला नागपुरातल्या सीताबर्डीच्या फुटपाथवरून माझा मित्र आणून द्यायचा. आमची मैत्री कॉलेजपासूनची. स्वतः एक पान वाचायचा नाही, पण फोन केला की आधी विचारायचा, "त्या दोघाइले समजलं का नाही अजून?" मी सांगायची, नाही ना, पोरगी ठार बावळट आहे.

मग घरात त्याच्या लग्नाचं निघालं. उमरेडला मुलगी पाहायला जायचं ठरलं तेव्हा त्याची आई मला म्हणाली, याले काही समजत नाही, तू चाल. यात वावगं कुणालाच वाटलं नाही. मी पसंत केल्याशिवाय तो शर्टसुद्धा घेत नसे, मग बायको कशी घेणार? मीही अगदी वरमाईच्या तोऱ्यात गेले.

कधीकाळी हातमागावर लुगडी विणणारं घर, आता मुलगी बँकेत नोकरीला. मुलगी खरंच छान होती. मी जीव तोडून शोधलं, पण खोट सापडेना. पोह्यांच्या बशा आल्या. त्याला पोह्यातले शेंगदाणे आवडत नाहीत. इकडे मी मुलीच्या वडिलांना त्याच्या नोकरीबद्दल सांगत होते आणि तिकडे तो एकेक दाणा वेचून माझ्या बशीत टाकत होता. टपरीवर आमचं वर्षानुवर्षं हेच चालायचं, त्यामुळे मीही बोलता बोलता ते खात राहिले. बैठक चिडीचूप झाली तेव्हा कुठे आम्ही वर पाहिलं. मुलीच्या आत्यानं मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी ठसक्यात म्हणाले, मैत्रीण. मुलगी मान खाली घालून हसली. ते हसू मला फार झोंबलं.

परतताना तो गाडी चालवत होता, मी आणि त्याची आई, म्हणजे माझ्या काकू, मागे. उमरेड मागे पडलं तशी काकूंनी विचारलंच, कशी वाटली तुले? माझ्या एका शब्दावर सगळं ठरणार, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. मी हो म्हटलं की त्याचे फोन, आमची भांडणं, सगळं त्या मुलीचं होणार होतं. मला रडू यायला लागलं. भीती वाटत होती आणि रागही येत होता, पण कुणाचा ते कळेना.

चांगली आहे, मी म्हणाले, पण नको. काकूंना ते कसं पटावं? काहून, काय खोट आहे तिच्यात, त्या खोदून खोदून विचारू लागल्या. त्या गुणी पोरीला नाव ठेवायला माझी जीभ वळेना. मग तोंडातून निघालं ते असं:

"काकू, मले हा पाहिजे."

इतकी पुस्तकं पालथी घातली आणि प्रेमाची कबुली दिली कुणाला, तर त्याच्या आईला, तीही डोळ्यानाकातून पाणी गळत असताना. काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. आरशात त्याचे कान लालबुंद झालेले मला दिसत होते. एक ट्रक पुढे गेला, दुसरा गेला. मग रस्त्यावरची नजर न हटवता तो म्हणाला,

"आई, हो म्हण न तिले."